तापात पंप

[कमरेचा पंप, नळी, पोटावरचा सेट]

यवतमाळ जिल्हा, सप्टेंबर. कपाशीत पाणी साचलंय आणि घराघरात ताप. या घरातल्या पोरीला टाइप वन मधुमेह आहे, त्यात सकाळपासून दोन उलट्या.

तिच्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे. पंपाच्या डबीत एकच इन्सुलिन असतं, झटपट उतरणारं. ते थेंबाथेंबानं जातं. पेननं इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या अंगात लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, पंपवाल्यांच्या नसतो. पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन चढतात, म्हणजे इन्सुलिनवाचून चरबी जळून रक्तात साचणारं आम्ल.

आजी विचारते, "पोरीनं काई खाल्लंच नाई, त इन्सुलिन कायले?"

कारण तापात यकृत स्वतःच साखर सोडतं. साखर आणि कीटोन दोन्ही चढत असतील तर बेसल, म्हणजे पंपातून दिवसरात्र थेंबाथेंबानं जाणारं इन्सुलिन, नेहमीच्या १२० ते १५० टक्के, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय तेवढं. उलट्यांनी साखर उतरत असेल तर ८०, फार तर ५० टक्के. शून्य कधीच नाही.

[लघवीची पट्टी, रंगांचा तक्ता]

साखर दर दोन तासांनी, रात्रीही. २५० च्या वर गेली की कीटोन. रक्तात मोजता आले तर उत्तम, नाहीतर ही लघवीची पट्टी. डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग वाचायचा. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर पट्टी दमट होऊन खोटं बोलते. घरोघरी थर्मामीटर असतो, ही पट्टी का नसावी?

[जवळून: काढलेला सेट]

हा बघा. कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारी बारीक नळी, टोकाशी दुमडलाय. पंपाच्या पडद्यावर मात्र सहा युनिट गेल्याची नोंद. पंप किती ढकललं तेवढंच मोजतो, अंगात किती मुरलं ते त्याला कळत नाही. गळती असेल तर अलार्मही वाजत नाही. सेटच्या चिकटपट्टीजवळ नाक नेलं की औषधी वास येतो. म्हणून साखर चढी आणि कीटोन असतील तर पंपाचा बोलस, म्हणजे एकदम सोडलेला डोस, नको. आधी डोस सिरिंजनं किंवा पेननं, मग नवा सेट, नव्या जागी.

[दोन सिरिंज शेजारी]

लाल टोपी ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरात ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी; नारिंगी १०० ची. पंपाच्या कुपीतलं इन्सुलिन १०० चं. ते लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर जातात २५ युनिट. दुकानात विचारलं की बहुधा लालच पुढे येते. घरात नारिंगी असायलाच हवी, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातही.

[सलाईनची बाटली]

ताप आला की गावात सलाईन लागतेच. लेबल वाचा: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम साखर असते. साखर ३०० असताना ती नको. घरी तेव्हा पाणी, मिठाचं ताक. साखर उतरली आणि कीटोन अजून असले तर साखर-मीठ-लिंबाचं पाणी घोटाघोटानं, म्हणजे इन्सुलिन चालू ठेवता येतं.

उलटी थांबेना, श्वास खोल आणि भरभर, पोटदुखी, गुंगी, रक्तातले कीटोन ३ च्या वर: १०८. उशीर जिवावर बेततो.

सोबत कुपी, नारिंगी सिरिंज, नवा सेट, डोसचा कागद. दवाखान्यात पंप उतरवणार असतील तर इन्सुलिन दुसऱ्या मार्गानं लगेच सुरू करायला सांगायचं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, पोचल्या पोचल्या.