पात्याच्या आजूबाजूचं

(दृश्य: बंद यंत्र. टेबलाच्या फटीतून वर आलेलं पातं. स्विचचा खटका, मग चढत जाणारा आवाज.)

१० इंची पातं. मिनिटाला साधारण ४००० फेरे. हिशोब केला तर यातला प्रत्येक दाता ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धावतोय, जागच्या जागी.

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारं हे यंत्र, घ्यायला निघालेला माणूस पहिली चौकशी करतो ती मोटरची. किती एचपी? मीही तेच विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. पातं सगळ्याच यंत्रांत फिरतं आणि बोथट झालं की बदलता येतं. पारखून घ्यायचं असतं ते पात्याच्या आजूबाजूचं सगळं.

(दृश्य: फळी फेन्सला टेकवून पुढे सरकवणारे हात.)

या यंत्राचं खरं काम म्हणजे लाकूड उभं चिरणं. लांब फळीतून एकसारख्या रुंदीची पट्टी काढायची, आणि दहावी पट्टीही पहिलीसारखीच निघाली पाहिजे. ते ठरवतो फेन्स, म्हणजे पात्याला समांतर उभा असलेला हा आडोसा. फेन्स हलका असेल, लॉकचा खटका दाबताना त्याचं मागचं टोक केसभर सरकत असेल, तर तीन एचपीची मोटरही वाकडंच कापेल, फक्त जोरात.

म्हणून यंत्र पाहायला जाताना खिशात एक गुण्या आणि टेप ठेवा. टेबलावर पात्याला समांतर एक खाच असते, कोनात कापायचा गेज तिच्यात सरकतो. फेन्स कुठेही लॉक करा आणि खाचेपासून त्याचं अंतर पुढच्या टोकाला मोजा, मग मागच्या टोकाला. सोडा, सरकवा, पुन्हा लॉक करा, पुन्हा मोजा. पाच वेळा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे. नंतर मागच्या टोकाला अंगठ्याने दाबून बघा. अमेरिकेतल्या बिल बीसमायर यांनी रूढ केलेला टी-स्क्वेअर फेन्स याच कसोटीवर नावाजला गेला: पुढच्या एकाच जाड नळीवर पकड, आणि दरवेळी आपोआप काटकोन. आज अनेक यंत्रांवर त्याच घडणीचे फेन्स दिसतात.

पातं खाचेला समांतर आहे का, तेही पाहायचं. अर्थात प्लग काढून. एका दात्यावर पेन्सिलीने खूण करा, तो पुढे आणून अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे न्या आणि पुन्हा मोजा. दाता तोच हवा, नाहीतर पात्याचा बाक आणि यंत्राचा बाक यांची गल्लत होते. फरक निघाला तरी लगेच नाक मुरडू नका. तो दुरुस्त करायला किती खटाटोप आहे, ते विचारा. जड कॅबिनेट सॉमध्ये मोटर आणि शाफ्टचा सांगाडा खालच्या पेटीला जोडलेला असतो, टेबलाचे बोल्ट सैल करून टेबलच फिरवता येतं. जुन्या पद्धतीच्या काँट्रॅक्टर सॉमध्ये, म्हणजे पायांवर उभ्या हलक्या यंत्रात, तो सांगाडा टेबलाखाली लटकलेला असतो, आणि तिथे अर्धा रविवार सहज जातो.

(दृश्य: पात्याची मागची बाजू, संथ गतीने.)

आता पात्याच्या मागे बघा. पुढचे दाते खाली येतात आणि लाकडाला टेबलावर दाबतात. मागचे दाते वर जातात. चिरलेल्या लाकडात ताण अडकलेला असेल तर चीर मिटते, लाकूड मागच्या दात्यांना चिमटीत धरतं, आणि ते वर जाणारे दाते लाकूड उचलून थेट तुमच्याकडे भिरकावतात. हा किकबॅक. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं, ते याचसाठी.

त्यावरचा उपाय म्हणजे पात्यामागची ही पोलादी पट्टी, रायव्हिंग नाईफ. पात्याच्या चकतीपेक्षा किंचित जाड, चिरेपेक्षा किंचित बारीक. ती चीर मिटू देत नाही. पातं वरखाली झालं, तिरकं झालं, तरी ती सोबत हलते आणि पात्याच्या अगदी जवळ राहते. जुन्या यंत्रांवर तिच्या जागी एका ठिकाणी घट्ट बसवलेला स्प्लिटर असायचा. अर्धवट खोलीची खाच पाडायची तर तो काढावा लागे, आणि एकदा काढला की पुन्हा बसवायला कुणाचा हात वळत नसे. जुनं, ओतीव लोखंडाचं, डोंगरासारखं घट्ट यंत्र स्वस्तात मिळालं की मोह होतो. मलाही होतो. पण त्यावर रायव्हिंग नाईफ नसेल तर मी ते घेणार नाही.

(दृश्य: पात्याकडे सरकणारं सॉसेज. टाळी वाजल्यासारखा आवाज. पातं गायब.)

सॉसेज इथे बोटाच्या जागी आहे. हे दृश्य अनेकांनी पाहिलेलं असतं. स्टीव्ह गॅस, शिक्षणाने पदार्थविज्ञानवाले, पेशाने पेटंट वकील. १९९९ साली त्यांना ही कल्पना सुचली. पात्यावर सतत एक सूक्ष्म विद्युत संकेत ठेवायचा. बोट लागलं की शरीर त्यातला काही भाग शोषून घेतं, संकेत पडतो, आणि स्प्रिंगने दाबून ठेवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो. पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं आणि टेबलाखाली जातं. गॅस यांनी ते स्वतःच्या बोटावरही करून पाहिलं. मोठ्या कंपन्यांशी बोलणी जमली नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच ‘सॉस्टॉप’ यंत्रं बनवायला घेतली. ती २००४ पासून विकली जाऊ लागली.

किंमत अर्थातच जास्त. ब्रेक एकदा सुटला की ठोकळ्याचं कार्ट्रिज फेकून द्यायचं, बहुतेकदा पातंही. ओलं लाकूड किंवा लपलेला खिळा यांनीही तो सुटू शकतो. दुसऱ्या बाजूला हा आकडा ठेवा: अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने एकट्या २०१५ साली तिथे टेबल सॉच्या पात्याने सुमारे ३०,००० लोक जखमी झाले. आणि ब्रेक किकबॅक थांबवत नाही. तिथे कामाला येते ती मागची साधी पट्टीच.

मोटरकडे आता येऊ. छोट्या, उचलून नेता येणाऱ्या जॉबसाइट सॉमध्ये युनिव्हर्सल मोटर असते: हलकी, जोरदार आणि कान किटवणारी. मोठ्या यंत्रांत पट्ट्याने चालणारी इंडक्शन मोटर, जड आणि बरीच शांत. घरकामाला दीड-दोन एचपी पुरते. यंत्र दमतंय असं वाटलं तर आधी पातं बदला. उभं चिरायला २४ दाते, प्लायवूडला ६० ते ८०. पातळ पातं लावून चीर ३.२ मिलिमीटरऐवजी २.४ ची केली तरी मोटरचं ओझं उतरतं. रायव्हिंग नाईफ त्या पात्याला जुळते का, एवढं तपासा.

(दृश्य: जमिनीवर खडूने आखलेला लांबट आयत.)

जागा मात्र कागदावर मोजू नका, जमिनीवर आखा. आठ बाय चारचं प्लायवूड चिरायचं तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. १८ मिलिमीटरची ती शीट तीसेक किलोची असते, आणि शेवटी अर्धी टेबलाबाहेर लोंबते. जागा कमी असेल तर पूर्ण शीट आधी हातातल्या सर्क्युलर सॉने फोडायची आणि छोटं यंत्र घ्यायचं. त्यात कमीपणा नाही.

भुसा पेटीतून बाहेर कसा निघतो, तेही वाकून बघा. खालून उघडं यंत्र सगळी खोली भरून टाकतं.

(दृश्य: खाली बसलेला कॅमेरा. यंत्राच्या पुढच्या बाजूचा लाल स्विच.)

सगळं पसंत पडलं की यंत्रासमोर उभे राहा. बंदच असू दे. दोन्ही हात फळीवर ठेवा, फळी अर्धी पात्यापलीकडे गेलीय असं समजा. आता हात न उचलता, नजर न हलवता, गुडघ्याने बंद करायचं बटण सापडतंय का बघा.