नाक्यावर उरलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी आठच्या सुमारास आपल्या कोल्हापुरातल्या एखाद्या मजूर नाक्यावर घटकाभर उभं राहून बघा. पिशवीतून थापी-ओळंबा डोकावत असलेला गवंडी, फावडं-पाटी घेतलेला बिगारी, भिंतीकडेला जेवणाचे डबे घेऊन बसलेल्या बायका. नऊपर्यंत बरीच माणसं दुचाकीवरून, टेंपोतून निघून जातात. साडेदहापर्यंत जी उरतात, ती घरची वाट धरतात. बाजार कसा चाललाय हे मी आधी या उरलेल्या माणसांवरून बघतो आणि मग छापील आकड्यांकडे वळतो.

घरबांधणीच्या आकड्याला अर्थशास्त्रात एवढं वजन आहे, कारण घर बांधणारा माणूस पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या मिळकतीचा भरवसा धरून कर्ज काढतो. नोकरी डळमळीत वाटली की तो आधी घराचाच बेत लांबणीवर टाकतो. म्हणून बांधकाम परवान्यांचा आकडा अगोदर हलतो आणि रोजगाराचा मागाहून. परवाना हातात पडला की आधी पाया खणणारे, मग सेंट्रिंगवाले, गवंडी, आणि शेवटी वायरमन, फरशीवाले, रंगारी असे एकामागून एक त्या घरात येतात. श्रमबल सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये देशातल्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी सुमारे 12 जण बांधकामावर होते, कारखानदारीपेक्षा किंचित जास्तच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं आपण कौतुक करतो, ते रास्तच आहे. पण गवंड्या-बिगाऱ्यांचा विषय तेवढ्या आस्थेनं निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या गावची खरी अडचण सांगतो. महापालिका 1972 साली झाली आणि पुढची पन्नास वर्षं शहराची हद्द होती तेवढीच राहिली. हद्दवाढीचं आंदोलन आणि त्याला होणारा विरोध, दोन्ही आपण पाहत आलोय. घरं मात्र हद्द बघून थांबली नाहीत. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीकडे चक्कर मारा, स्लॅबवर स्लॅब पडताना दिसतील. तिथले परवाने महापालिकेच्या दप्तरात येत नाहीत. भोवतालच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळं प्राधिकरण झालं. त्यामुळं नुसता महापालिकेचा आकडा घेऊन ‘बांधकाम थंडावलं’ म्हणणाऱ्याचा निष्कर्ष साफ चुकू शकतो. त्याच दिवशी नाका रिकामा झालेला असेल, कारण सगळे पाचगावला गेलेत!

हंगामाचंही तसंच. आपल्याकडं जून लागला की पाया कोण खणणार? म्हणून जुलैचा आकडा मेशी नव्हे, गेल्या वर्षीच्या जुलैशी ताडावा. तेही 2019 च्या ऑगस्टसारखा महापूर मध्ये आला नसेल तर. गावाकडचं घर तर उसाच्या बिलावर चालतं. बिल जमा झालं की सळी येते, बिल रखडलं की जोत्यावर गवत उगवतं.

दस्त नोंदणीचे आकडेही जपून वाचावेत. सप्टेंबर 2020 पासून राज्यानं मुद्रांक शुल्कात तात्पुरती सवलत दिली, 31 मार्च 2021 ला ती संपली. अशा वेळी नोंदणी वाढली, तरी तेवढ्यावरून गवंड्याला जास्त दिवस काम मिळालं असं धरता येत नाही.

आणि रोजगाराचा आकडा? सर्वेक्षणाच्या साप्ताहिक पद्धतीत सात दिवसांत एक तास जरी काम केलं, तरी तो माणूस रोजगारात मोजला जातो. ही पद्धत जगभर मान्य आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण सोमवारी अर्धा दिवस विटा वाहून उरलेला आठवडा नाक्यावरून परत गेलेला बिगारीही त्यात ‘कामावर’च असतो. त्याला महिन्यात किती दिवस काम लागलं, हे कळल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

2025 पासून हे सर्वेक्षण दर महिन्याला आकडे देऊ लागलं, ही चांगली गोष्ट आहे. पण ते देशाचे आकडे आहेत. आपल्या जिल्ह्यासाठी महापालिका आणि प्राधिकरण या दोघांचे परवाने, नव्यानं सुरू झालेले पाये, नोंदीत बांधकाम कामगार आणि त्यांचे कामाचे दिवस, हे सगळं महिन्याच्या महिन्याला एकाच तक्त्यात यायला हवं. परवाने आणि कामगारांची नोंद या गोष्टी सरकारी दप्तरात आहेतच. कामाचे दिवस मात्र कुणीतरी सकाळी आठला नाक्यावर जाऊन विचारावे लागतील.