फुलावरच विकली जाणारी व्हॅनिला

मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावरील सावा प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर हा व्हॅनिलाच्या फुलोऱ्याचा काळ असतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात परागीभवन झाले नाही, तर शेंग धरत नाही. हा वेल मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथे हे काम मधमाश्या करतात. इथे ते माणसालाच करावे लागते.

सोबतच्या छायाचित्रांतल्या या शेतकरी बाईंच्या हातांकडे नीट पाहावे. डाव्या हाताने फूल धरून त्या काट्याने पाकळी चिरतात, पराग आणि कुक्षी (फुलाचा पराग स्वीकारणारा भाग) यांच्यामधला पातळ पडदा वर उचलतात आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबतात. ही युक्ती 1841 मध्ये रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि जगातील नैसर्गिक व्हॅनिलाचा बहुतेक सगळा व्यापार आजही तिच्यावरच चालतो. कसलेला हात एका दिवसात हजारावर फुले उरकतो.

छायाचित्रात मागे दिसणारी, वेलाला आधार देणारी झाडे गिरिपुष्पाची आहेत. कोकणात ती बांधावर सर्रास दिसतात. लागवडीनंतर पहिला फुलोरा यायला साधारण तीन वर्षे लागतात, आणि फुलानंतर शेंग पिकायला आणखी नऊ महिने. याच नऊ महिन्यांत, जानेवारी ते मार्चच्या सुमारास, घरातला तांदूळ संपतो. त्यामुळे अनेक कुटुंबे वेल फुलावर असतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि येणारी शेंग हंगामातील भावापेक्षा बऱ्याच कमी दराने आधीच देऊन टाकतात. मोहोरावरच आंब्याची बाग देणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत. जगातल्या सर्वांत महागड्या मसाल्यांपैकी एक पिकवणाऱ्या या गावांतही चित्र फारसे वेगळे नाही.

शेंगेवर टाचणीने टोचलेले हे ठिपके म्हणजे मालकाची खूण. भाव चढले की मळ्यांत चोऱ्या होतात, म्हणून शेतकरी रात्री वेलाखाली झोपतात, आणि कित्येक जण चोरीच्या धास्तीने शेंग कोवळीच तोडतात. कोवळ्या शेंगेला वास कमी, म्हणून दरही कमी.

हिरवी शेंग तोडल्यावर थांबत नाही. ती लगेच विकावी लागते किंवा तिच्यावर प्रक्रिया करावी लागते. सहकारी संस्थेच्या या अंगणात दुसरा मार्ग निवडला आहे. शेंगा साधारण 65 अंश तापमानाच्या पाण्यात तीनेक मिनिटे बुडवतात, घोंगड्यांत गुंडाळून दोन दिवस घाम काढायला ठेवतात, आणि त्या काळपट तपकिरी झाल्या की कित्येक आठवडे रोज काही तास उन्हात पसरून पुन्हा गुंडाळतात. त्यानंतर सावलीतल्या मांडवावर त्यांची उलथापालथ चालते, आणि शेवटी लांबीनुसार जुड्या बांधून त्या पेट्यांत मुरत ठेवल्या जातात. पाच ते सहा किलो हिरव्या शेंगांची अशी एक किलो व्हॅनिला होते, आणि ती वर्षभराहूनही अधिक टिकते. आजवर हा टप्पा, आणि त्यातला नफा, बहुतांशी दलालांच्या व निर्यातदारांच्या अंगणात राहिला आहे.

तीन कुलपांची ही लोखंडी पेटी बचत गटाची आहे. तिन्ही किल्ल्या वेगवेगळ्या घरी असतात, त्यामुळे पेटी फक्त बैठकीतच उघडते. सभासद ठरावीक हप्ता भरतात, जानेवारीत तांदळासाठी कर्ज घेतात आणि जुलैतील तोडणीनंतर ते फेडतात. व्याज पुन्हा याच पेटीत येते. रक्कम लहान असली, तरी तेवढ्यावर फूल न विकता शेंग पिकेपर्यंत थांबता येते, आणि गरिबी हटवण्याच्या कितीतरी मोठ्या घोषणांपेक्षा हे मोलाचे आहे.

भाव मात्र पेटीच्या हातात नाही. 2018 मध्ये किलोला 600 डॉलरच्या आसपास गेलेला दर नंतर कोसळला. सरकारने 2020 मध्ये निर्यातीसाठी 250 डॉलरची किमान किंमत ठरवली, 2023 मध्ये ती उठवली, आणि दर आणखी खाली आला. वादळेही तिच्या हातात नाहीत: मार्च 2017 मध्ये एनावो चक्रीवादळाने सावातील अंतालाहाच्या परिसरातले वेल आडवे केले होते. संस्थेच्या गोदामात सध्या मुरलेल्या शेंगा आहेत. त्या आत्ताच विकाव्यात की आणखी एक हंगाम ठेवाव्यात, यावर सभासदांचे एकमत झालेले नाही.