वरचा प्लॉट, खालचा प्लॉट

[दृश्य : पहाट. द्राक्षबागेवर धुकं. बॅटरीच्या उजेडात हलणारे हात. कात्र्यांचा आवाज.]

फेब्रुवारीतली पहाट, पावणेसहाची वेळ. निफाड तालुक्यातल्या एका बागेत तोडणी सुरू आहे. थंडीनं बोटं वळत नाहीत, तरी कात्र्या थांबलेल्या नाहीत. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये आणि क्रेट वायनरीत पोचायला हवेत. द्राक्ष तापलं की त्याचा वास उडायला लागतो, आणि मणी फुटला तर आंबणं वाटेतच सुरू होतं.

ही खायची द्राक्षं नाहीत. बाजारात येणारा थॉमसनचा मणी फुगीर, पातळ सालीचा, बिनबियांचा. त्यासाठी घडांची विरळणी करायची, मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात ते बुडवायचे, फुगवण मिळवायची. वाईनच्या बागेत हिशेब उलटा. मणी लहान हवा, साल जाड हवी, आणि बी असली तरी चालते. कारण लाल वाईनचा रंग मण्याच्या रसात नसतो, सालीत असतो. तुरटपणाही साल आणि बी यांतूनच उतरतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त.

शिराझ या लाल वाईनच्या जातीचा घड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तो वाढ खुंटलेला वाटला होता. एक मणी तोंडात टाकला. इतकं गोड द्राक्ष मी बाजारातून कधी आणलं नव्हतं.

[दृश्य : उजाडतं. ट्रॅक्टरची ट्रॉली क्रेटनी भरलेली. मागे गोदाकाठची काळी जमीन.]

नाशिकची वाईन म्हटलं की एक-दोन मोठी नावं तोंडावर येतात. ती यायलाच हवीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी सुला उभी केली नसती, तर आज आपण ज्या वायनऱ्यांकडे निघालोय त्यांतल्या किती असत्या, सांगता येत नाही. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडाज उभारून फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाईन केली होती. पण आपण आज निघालोय ते लहान वायनऱ्यांकडे. जिथं छाटणीला उभा असलेला माणूसच संध्याकाळी आपल्या ग्लासात वाईन ओततो.

[दृश्य : रस्त्याकडेची पाटी. कुंदेवाडी.]

निफाडजवळचं कुंदेवाडी. हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी येते ना, तो पारा इथल्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. त्याच कुंदेवाडीत यतीन पाटील यांची रेव्हिलो ही वायनरी आहे. त्यांनी इटलीच्या जाती इथं आणल्या : नीरो दाव्होला, ग्रिलो, सांजोव्हेजे. सिसिली बेटावरची वेल, आणि शेजारच्या वावरात कांदा.

या थंडीचं वाईनशी नातं थेट आहे. दिवसा उन्हात मण्यात साखर भरते. रात्र गार असेल तर मण्यातली आम्लता टिकून राहते. साखर आहे पण आंबटपणा गेलाय, अशी वाईन सपक लागते, बिनचिंचेच्या आमटीसारखी.

आणि आपलं वर्षही वेगळं. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, उन्हाळ्यात फळते, आणि तिकडची तोडणी होते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. आपली वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. मग पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी, फळासाठी. दोन छाटण्या, पीक एकच, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. पावसाळा चुकवून फळ हिवाळ्यात पिकवायचं ही युक्ती आपल्या द्राक्ष बागायतदारांची. वाईनवाल्यांना ती आयती मिळाली.

[दृश्य : गाडी पश्चिमेकडे. सह्याद्रीच्या रांगा जवळ येतात. मुकणे धरणाचं पाणी.]

आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. इगतपुरी. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. निफाडच्या कित्येक पट. कावनई किल्ल्याच्या पायथ्याच्या परिसरात, मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून शैलेंद्र पै यांची व्हॅलोने वायनरी उभी आहे. फ्रान्समध्ये रुळलेल्या जाती त्यांनी इथं लावल्या. त्यात माल्बेक आहे, जी आपल्याकडे फार कमी जणांनी लावली. इथली एक गोड वाईन मला फार आवडते. तिच्यासाठी द्राक्षं तोडण्याची घाई करत नाहीत. ती सुकत जाऊ देतात. पाणी कमी होतं, साखर दाटते. बेदाणा होण्याच्या वाटेवरचं द्राक्ष, आणि ती मधाची झाक. चमचाभर जिभेवर ठेवून गप्प बसावं अशी.

निफाडची काळी माती आणि इगतपुरीचा डोंगरउतार यांत तासा-दीड तासाचं अंतर आहे. लहान वायनरीत हा फरक ग्लासापर्यंत येतो, कारण तिथं दहा गावांचा माल एका टाकीत ओतलेला नसतो. ओकच्या एका पिंपात 225 लिटर मावतात. म्हणजे बाटल्या 300. लहान वायनरीचा वाईनमेकर प्रत्येक पिंप वेगळं चाखतो, त्यावर खडूनं खूण करतो, आणि ‘याला अजून दोन महिने’ म्हणून पुढं सरकतो.

[दृश्य : गंगापूर धरण. संध्याकाळचं पाणी.]

गंगापूर धरणाजवळ यॉर्क. योगिता, रवी आणि कैलाश या गुरनानी भावंडांच्या नावांतून इंग्रजी अक्षरं घेऊन केलेलं नाव. कैलाश ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाईन बनवायला शिकून आले. 2021 मध्ये ही वायनरी सुलानं घेतली. लहान वायनऱ्यांची वाट अशी मोठ्यांच्या अंगणात जाते, तेव्हा मला थोडी हुरहुर वाटते. पण त्या घराण्यानं इतकी वर्षं काय सोसलं असेल तेही समजतं.

कारण हा धंदा सोपा नाही. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. गावोगावी वायनऱ्या उभ्या राहिल्या, वाईनच्या बागा लागल्या. मग 2008 ची मंदी आली. मागणी आटली, टाक्या भरलेल्याच राहिल्या. द्राक्षं घ्यायला कुणी नाही म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या आणि पुन्हा खायची द्राक्षं लावली. तीन-चार वर्षं जपलेला ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा वाढवलेला वेलीचा मुख्य हात, करवतीखाली जाताना ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यासमोर वाईनच्या गप्पा जपून माराव्या लागतात.

आजही लहान उत्पादकाची बाटली दुकानाच्या फळीवर दिसत नाही, त्याला कारण आहे. दर राज्याचं अबकारी खातं वेगळं, दर राज्यात लेबलची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी. हजारभर बाटल्यांसाठी तो खर्च परवडत नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, त्याला विरोध झाला आणि तो अडकला. तेव्हा लहान वायनरीची वाईन चाखायची तर तिच्या दारात जावं लागतं. आधी फोन करून. तोडणीच्या दिवसांत त्यांच्याकडे पाहुण्याला वेळ असेलच असं नाही. आणि सोबत गाडी चालवणारा असा माणूस हवा, जो त्या दिवशी फक्त द्राक्षाचा रस पिईल.

[दृश्य : लाकडी टेबल. पांढरा कागद. चार ग्लास. एक रिकामं भांडं.]

आता चाखणं.

ग्लास तिसरा हिस्साच भरायचा, कारण वरची रिकामी जागा वासासाठी आहे. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. मग न हलवता एकदा वास घ्यायचा, आणि गोल फिरवून पुन्हा. घोट घेतला की तोंडभर फिरवायचा. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी सुटण्यातून कळतो, तुरटपणा हिरड्या कोरड्या पडण्यातून. नंतर घोट त्या रिकाम्या भांड्यात थुंकायचा. यात अपमान कुणाचाच नाही. दिवसातून वीस वाईन चाखणारा वाईनमेकरही थुंकतोच.

इथवर कुणीही शिकवतं. पुढं अडतं ते शब्दांवर. बाटलीच्या मागे छापलेलं असतं : ब्लॅकबेरी, गूझबेरी, कॅसिस. आपल्यातल्या किती जणांनी ब्लॅकबेरी झुडपावरून तोडून खाल्लीय? मग मान डोलवायची आणि मनात म्हणायचं, आपल्याला काही कळत नाही. मीही कित्येक वर्षं हेच केलं. आणि मला आता ठामपणे वाटतं की यात नुकसान आपलंच नाही, त्या वाईनचंही होतं.

सोव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाईन घ्या. नाकाला आधी ढोबळी मिरची लागते, नुकतीच चिरलेली. मग पिकत आलेला पेरू. ही कल्पना नव्हे. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारा जो रेणू आहे, तोच या द्राक्षात असतो. पेरूच्या वासातला एक रेणूही आंबताना या वाईनमध्ये उतरतो. शिराझमध्ये काळी मिरी लागते. तिचा रेणूही काळ्या मिरीतलाच, रोटंडोन नावाचा. मिरीच्या मागे जांभूळ, आणि जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसा तुरट खरखरीतपणा. शेनिन ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये अननस आणि मध. ज्यानं मे महिन्यात करवंदाच्या जाळीत हात घातलाय, उन्हात वाळत घातलेली आमसुलं हुंगलीत, त्याच्याकडे शब्दांची काय कमी?

जेवणाचंही तसंच. नाशिकची झणझणीत मिसळ आणि तुरट लाल वाईन यांची सोबत मी करणार नाही. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही आगीत तेल ओततात. तिथं किंचित गोडसर, गार शेनिन हवी. सोव्हिन्योंबरोबर सुरळीची वडी खाऊन पाहा. शिराझ ठेवा मटणासाठी, पण तिखटाचा हात आखडून, खोबऱ्याच्या वाटणावर भर देऊन. आणि ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या गार खोल्यांचा आहे. आपली खोली 30 अंशांची. वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून काढा, वाईन सावरून बसते.

[दृश्य : पुन्हा पहिली बाग. आता संध्याकाळ. वायनरीच्या ओट्यावर काही माणसं.]

सकाळच्या त्याच बागेचे मालक वायनरीच्या ओट्यावर बसलेत. सत्तरीचे, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात. बारा वर्षं या वायनरीला द्राक्षं घालतात. ‘तात्या, चाखून तर बघा,’ वाईनमेकर दर वर्षी म्हणतो, आणि ते दर वर्षी हात जोडतात. माळकरी माणूस. आजही ते पिणार नाहीत, आणि कुणी आग्रहही करत नाही.

पण गेल्या हंगामाच्या शिराझचा ग्लास समोर येतो तेव्हा ते तो उचलतात. नुसता नाकाशी नेतात. डोळे मिटतात. बराच वेळ.

‘पहिला पाऊस झाल्यावर जांभळीखाली जसा सडा पडतो ना,’ ते म्हणतात, ‘तुडवलेल्या जांभळांचा. तसा वास आहे.’

वाईनमेकर खिशातून वही काढून ते लिहून घेतो. तात्या ग्लास दिव्याकडे धरून रंग पाहतात आणि विचारतात,

‘ही वरच्या प्लॉटची का रं, का खालच्या?’

‘वरच्या, तात्या. खालच्या प्लॉटची अजून पिंपातच आहे.’

‘मग बरोबर,’ तात्या ग्लास खाली ठेवतात. ‘वरच्याला गेल्या साली पाणी कमी पडलं होतं.’

[दृश्य : ग्लास टेबलावर. मागे दिवा. बागेतून कात्र्या गोळा केल्याचा आवाज. काळोख.]