तळे राखी, आणि पाणी?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'आखातात अकरा वर्षं राहून आलेले' असं म्हटलं, आणि दुसऱ्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून हसले. मला दिसलं ते. आखातातून आलेल्या माणसाकडे लोक आधी त्याच्या बॅगेकडे बघतात, मग तोंडाकडे. मी बहारीनला होतो, तेलाच्याच धंद्यात, आणि माझी जुनी तक्रार अशी की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस मठ्ठ्याचा घोट घेत हमखास म्हणतो, "तिकडे काय हो, वाळू उकरली की तेल!" आजचं व्याख्यान त्या माणसासाठी आहे. तो आलेला नाही, पण तुम्ही निरोप द्याल.

वाळू उकरली की तेल, तर मग हे सांगा. इराणात मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं २६ मे १९०८ ला. समोरच्या अरब किनाऱ्यावर, बहारीनमध्ये, लागलं १९३२ ला. मध्ये चोवीस वर्षं! कुवेतचं बुरगान, जिथे पुढे प्रचंड तेल निघालं, ते मस्जिद-ए-सुलेमानपासून आकाशमार्गे चारशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे मुंबईहून पणजीला जाण्याइतकंही नाही. आणि या चोवीस वर्षांत त्या पाण्यावर फिरत कोण होतं? ब्रिटिशांचं, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं आरमार. आपल्याकडे म्हण आहे, तळे राखी तो पाणी चाखी. माझं म्हणणं एवढंच आहे की इथे राखणदाराने चाखलं नाही, आणि बराच काळ दुसऱ्यालाही चाखू दिलं नाही. हे का झालं ते मी शेवटी सांगणार आहे. जाहिरातीत तेच छापलंय.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पळतो. हा किनारा पहिल्यांदा नीट मोजला तो १८२० च्या दशकात मुंबईच्या आरमाराने, बॉम्बे मरीनने. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, बसायचा. तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारचा नोकर, त्यानंतर हिंदुस्थान सरकारचा. मोत्यांचे पट्टे, गुलामांचा व्यापार, चोरट्या बंदुका, सगळ्यावर नजर. कोणी परका माणूस बंदरात उतरला तर त्याची खबर बुशहरला आणि तिथून सिमल्याला. आपल्या वाड्यात पूर्वी जिन्याखाली बसणाऱ्या आजी असत ना, कोण आलं, कोण गेलं, हातात काय होतं? तसंच. फक्त या आजीकडे तोफा होत्या.

आता १९१३. ब्रिटिश आरमाराने कोळसा सोडून तेलावर जायचं ठरवलेलं, चर्चिल आरमारमंत्री, आणि वेल्समध्ये कोळसा भरपूर असला तरी ब्रिटनमध्ये तेलाचा थेंब नाही म्हणावा अशी स्थिती. तेल कुठलं घ्यायचं? मग रिअर अॅडमिरल एडमंड स्लेड यांच्या हाताखाली एक मंडळ आखातात पाठवलं. त्यात जॉन कॅडमन होते, आणि आपल्या जिऑलॉजिकल सर्व्हेचे, कलकत्त्याचे, पास्को होते. मूळ काम इराणातल्या विहिरी बघण्याचं. पण वाटेत कुवेत.

कुवेतचा शेख मुबारक हा फार मुरलेला गडी. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन युद्धनौकांचा ताफा घेऊन त्याच्या दारात आला, तेव्हा याने पाहुण्याला मिरवायला मुंबईहून घोडागाडी मागवली होती. कुवेतला रस्ता नाही, धक्का नाही, पण घोडागाडी आहे! असा माणूस. स्लेड यायच्या आधी, २७ ऑक्टोबर १९१३ ला, रेसिडेंट पर्सी कॉक्सला त्याचं पत्र गेलं. आशय असा, की अॅडमिरलसाहेबांनी जरूर यावं, मी माझा मुलगा बरोबर देतो, तो बुरगानला आणि इतरत्र डांबर वर येतं त्या जागा दाखवील; आणि तिथे तेलाची आशा दिसली तर ब्रिटिश सरकार नेमील त्या माणसाखेरीज मी कोणालाही मक्ता देणार नाही.

मी हे पत्र वर्गात शिकवायला ठेवावं म्हणतो. बघा, विहीर नाही, यंत्र नाही, भोकसुद्धा पाडलेलं नाही, आणि कुलूप लागलं! आपल्याकडे निदान आधी विहीर खणतात आणि मग भावाभावांत भांडण लागतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात बहारीनच्या शेख ईसाकडूनही तसंच लिहून घेतलं. अरब किनाऱ्यावर तेलासाठी चाललेलं पहिलं हत्यार ड्रिल नव्हे, लिहायचा टाक होता.

नोव्हेंबरमध्ये स्लेड कुवेतला आले, बुरगानचं डांबर पाहून गेले. जून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने इराणचं तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के भाग २२ लाख पौंडांना घेतले; पार्लमेंटात २५४ विरुद्ध १८. सरकारतर्फे कंपनीवर दोन संचालक बसवले. त्यांतला एक कोण? स्लेड! स्थळ कसं आहे ते बघायला गेलेला पाहुणा मांडवात नवरदेव म्हणून उभा. (तुम्ही हसलात. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावी याच वाक्याला कोणी हसलं नव्हतं. तिथे बहुतेक तसं घडलेलं असावं.)

आणि इथे आपण येतो. ऑक्टोबर १९१४ ला मुंबई बंदरातून जी फौज निघाली ती सहाव्या पुणे डिव्हिजनची ब्रिगेड होती, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला फौज इराकच्या किनाऱ्यावर फावला उतरली, महिना संपायच्या आत बसरा घेतलं. कामांतलं एक काम इराणातल्या अबादानचा तेल-कारखाना आणि नळ सांभाळण्याचं. पुढे त्याच डिव्हिजनने कुतला पाच महिने वेढा सोसला आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करली. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत त्या महायुद्धाच्या शिळा आहेत, किती माणसं गेली, किती परत आली नाहीत. तेलाचा शब्द कुठल्याही शिळेवर मी वाचलेला नाही. मी बऱ्याच वाचल्यात.

तर आता फ्रँक होम्स. हा माझा लाडका माणूस. न्यूझीलंडचा खाणवाला, लढाईत मेजर झालेला. १९२२ च्या अखेरीस अरब किनाऱ्यावरच्या उकैर बंदरात कॉक्स आणि पुढे सौदी अरेबियाचा राजा झालेला इब्न सौद सरहद्दी ठरवायला बसले, तेव्हा हे महाशय तिथे हजर: डोक्यावर जाळी लावलेली टोपी, हातात हिरव्या अस्तराची पांढरी छत्री. कॉक्सने इब्न सौदपुढे कागद ठेवला, 'ब्रिटिश सरकारचा सल्ला घेतल्याखेरीज तुला मक्ता देता येत नाही, असं होम्सला कळव.' इब्न सौदने नको नको म्हणत शेवटी तसं लिहून दिलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात अल-हासाचा, म्हणजे आपल्या पूर्व किनारपट्टीचा, मक्ता होम्सलाच दिला! वर्षाला दोन हजार पौंड. होम्सने ते दोन वर्षं भरले आणि पुढे पैसेच संपले, ती गोष्ट वेगळी. मग तो बहारीनला गेला आणि शेखाला म्हणाला, तेलाचं राहू दे, तुला प्यायला पाणी काढून देतो. गोडं पाणी लागलं. २ डिसेंबर १९२५ ला शेखाने खूश होऊन तेलाचा मक्ता दिला. पाणी चाखी हे इथे शब्दशः...

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं. अध्यक्षमहाराज, मूळ मुद्दा अजून व्हायचाय हो.

बरं, पटापट. उशीर का झाला? एक, कुलपं. इंग्रजांजवळ इराणचं तेल होतं, त्यामुळे समोरच्या तीरावर त्यांना घाई नव्हती. घाई होती ती तिथे दुसरा कोणी येऊ नये याची. कंपनी ब्रिटिशच हवी, ही अट पुढे अमेरिकनांना आडवी आली. होम्सने बहारीनचा मक्ता अमेरिकेच्या गल्फ ऑइलला विकायला काढला. पण १९२८ च्या जुलैत लाल रेषेचा करार झाला (जुन्या तुर्की साम्राज्याच्या हद्दीत भागीदारांना सोडून एकट्याने तेल काढायचं नाही, अशी तेलकंपन्यांची आपसातली बोली), गल्फ त्यात अडकली आणि तिने तो कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलला दिला. मग नॅशनॅलिटीची पळवाट: कंपनी कॅनडात नोंदवली. कॅनडा म्हणजे साम्राज्यच की! भांडवल अमेरिकेचं, पाटी बादशहाची.

दोन, खडक. हा मुद्दा मी तासभर बोलू शकतो, आज बोलणार नाही. इराणात तेल अस्मारी चुनखडकात मिळालं, म्हणून भूशास्त्रज्ञ अरब बाजूला तोच खडक शोधत राहिले. तो तिथे तसा नाही. १९२४ मध्ये होम्सच्याच कंपनीने आणलेले स्विस भूशास्त्रज्ञ हाइम प्रतिकूल अहवाल देऊन गेले. तेल होतं खाली, फार जुन्या थरांत: बहारीन, बुरगानला क्रेटेशियस, सौदी अरेबियातल्या दम्मामला त्याहून जुन्या जुरासिक. म्हणजे नुसत्या टाकावर दोष ढकलू नका. शहाण्या माणसांनी मनापासून चुकीच्या जागी पाहिलं होतं. (इराकचं बाबा गुरगुर १९२७ ला लागलं, हे कोणीतरी विचारणार. लागलं. पण ते उत्तरेला, तिथली कहाणी निराळी. मी किनाऱ्याबद्दल बोलतोय.)

बहारीनच्या जबल दुखानला १६ ऑक्टोबर १९३१ ला खणायला सुरुवात झाली. जबल म्हणजे डोंगर, उंची १३४ मीटर. सिंहगड चढलेल्या माणसाने तिथे हसू आवरावं. १ जून १९३२ ला तेल आलं. त्या टेकडीवरून समुद्रापलीकडे दम्मामच्या टेकड्या दिसतात, त्या अमेरिकनांनाही दिसल्या, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ते इब्न सौदच्या दारात होते. यावेळी कॉक्स नव्हता.

राहता राहिलं कुवेत. २३ डिसेंबर १९३४ ला मक्ता झाला, इंग्रज आणि अमेरिकन निम्मे-निम्मे. सही करताना शेखाला मिळाले ४ लाख ७५ हजार. पौंड नव्हेत, रुपये. स्वामित्वधन टनामागे तीन रुपये. बहारीनला साडेतीन, म्हणजे तीन रुपये आठ आणे. आपल्याच टांकसाळींतली नाणी, त्यावर पंचम जॉर्जचं तोंड. आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये तेल लागलं ते बुरगानला, जिथलं डांबर मुबारकचा मुलगा अॅडमिरलला दाखवणार होता तिथेच. जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक. मुबारक १९१५ मध्येच वारला होता. मध्ये दुसरं महायुद्ध आलं, विहिरी बुजवून ठेवल्या, पहिलं जहाज भरलं जून १९४६ मध्ये.

दुसरी चिठ्ठी. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, मी खांबापाशी उभा आहे. सोनं आणलेलं नाही.