निवृत्तीआधी रचलेल्या फळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्तीची तयारी म्हटलं की बँकेची कागदपत्रं, विमा, तब्येतीच्या तपासण्या हे सगळं ओघानं येतंच. ते मीही करतो आहे. पण माझी खरी तयारी घरामागच्या छपराखाली रचून ठेवलेली आहे. दोन इंची फळ्यांची थप्पी.

मी पेशानं सुतार नाही. नोकरी वेगळी होती, मन लावून केली. पण तरुणपणी हातात पटाशी आली, ती काही सुटली नाही. आता नोकरी संपत आली, तेव्हा माझ्यासारख्या हौशी मंडळींना एकच गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. दुकान मांडायची घाई नको, नवी यंत्रं नंतर घेता येतील, पण लाकूड मात्र आत्ताच आणून ठेवा.

लाकूड हवेवर वाळवायचं, तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. लाकडाच्या जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे त्यात कमीजास्त होतं. पण दोन इंची फळी निवृत्तीच्या दिवशी रंध्याखाली घ्यायची असेल, तर ती आजच रचायला हवी. ओल्या लाकडातलं पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरलं की तंतू आकसायला लागतात, आणि ते सगळीकडून सारखे आकसत नाहीत. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण वाढीच्या वर्तुळांना धरून जेवढं आकुंचन होतं, ते वर्तुळांना छेदून जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून तर फळीला बाक येतो. हा सगळा प्रकार फळी थप्पीत असतानाच होऊन गेलेला बरा, टेबल झाल्यावर नको.

रचताना थप्पी जमिनीपासून उचलून घ्या. दोन फळ्यांच्या मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, आणि खालपासून वरपर्यंत त्या पट्ट्या एकाच ओळंब्यात येऊ द्या. पट्टी इकडेतिकडे सरकली की वरचा भार तिथे फळीला वाकवतो. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, कारण टोकांतून पाणी फार लवकर उडतं आणि फळी तिथूनच तडकते. वरून वजन, बाजूंनी वारा, आणि ऊन मात्र नको. त्याच लाकडाचा एक छोटा तुकडा बाजूला ठेवून अधूनमधून तोलत राहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड बाहेरच्या हवेशी जुळलं. मग काही आठवडे घरात आणून ठेवायचं, कारण घरातली हवा वेगळी असते.

सुट्टीच्या दिवसाची सुतारकी नेहमी घड्याळाकडे बघत चालते. संध्याकाळच्या आत सरस लावून क्लॅम्प आवळायचा असतो. तेलाचा दुसरा हात पुढच्या सुट्टीवर जातो. वर्षानुवर्षं मनात असलेलं काम त्यामुळेच राहून गेलं आहे, ते म्हणजे खणांचं कपाट, हातानं कापलेल्या डव्हटेल सांध्यांचं, म्हणजे पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवून केलेल्या जोडांचं. तसं जुनं कपाट मी एकदा पाहिलं होतं. वरचा खण आत ढकलला की खालचा आपोआप बोटभर बाहेर यायचा. खण आपल्या जागेत इतका नेमका बसलेला, की मागच्या हवेला कडेनं निसटायला वाटच नाही, ती जाऊन शेजारच्या खणाला ढकलते. ही नेमकी बैठक साधायला रंध्याचा एक पातळ पापुद्रा काढायचा, खण घालून पाहायचा, कुठे घासतो ते बोटानं चाचपायचं, पुन्हा एक पापुद्रा. शिवाय ऋतू बघावा लागतो. कोरड्या हवेत घट्ट बसवलेला खण दमट हवेत फुगून अडकतो. म्हणून हे काम एका बैठकीत संपवूच नये. मला ते वर्षभर पुरवायचं आहे.

एका गोष्टीचा मात्र आधीच विचार करा. निवृत्तीनंतर कामाचे तास वाढतील, तसा धुरळाही वाढेल. लाकडाचा भुसा श्वासातून जाणं कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. बारीक धूळ घासकामात सर्वांत जास्त उडते, तिथे चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हवंच. आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास, आणि लाकडात खाचा कोरणारं राउटर यंत्र सहज तिथवर जातं. मास्क आणि कानात घालायचे बोळे एकाच खिळ्याला टांगून ठेवा, म्हणजे हात आधी तिकडे जाईल.

उजेडाकडेही लक्ष द्या. वाढत्या वयात डोळ्याला जास्त प्रकाश लागतो. डोक्यावरच्या दिव्याबरोबर एक दिवा बाजूनं, फळीला जवळजवळ टेकून येईल असा ठेवा. रंध्याचा ओरखडा त्या तिरप्या उजेडातच दिसतो. आणि धार लावायची सवय हातात आत्ताच पक्की करून घ्या. पटाशीला २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३० चा, एवढं जमलं की बोथट हत्याराशी झटापट करायला लागत नाही. हाताचा जोर कमी होत जाईल तेव्हा धारच उपयोगी पडेल.

हितचिंतक म्हणतात, एवढं येतंय तर विका की. मला नाही विकायचं. गिऱ्हाईक आलं की तारीख आली, आणि तारखेपासूनच तर मी सुटतो आहे. कुणाला शिकायचं असेल तर दार उघडं आहे, करवत कशी धरायची तिथपासून सांगेन.

ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आहे, त्यांनी येत्या सुट्टीत फळ्या बघायला जा. आणल्यावर प्रत्येकीच्या टोकावर खडूनं महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका. नमस्कार.