मधला शनिवार

[पडदा काळा. हळूहळू एक वेदी दिसू लागते. तिच्यावरचं वस्त्र काढलेलं आहे, मेणबत्त्या नाहीत.]

शुक्रवारी येशूचा वधस्तंभ. रविवारी रिकामी कबर. ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा एका दमात शुक्रवारवरून रविवारवर जातो. मधे एक शनिवार राहतो.

त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, जेमतेम चार ओळी सापडतात. मत्तय लिहितो की मुख्य याजक रोमन सुभेदार पिलाताकडे गेले, त्यांनी कबरेवर पहारा मागून घेतला आणि धोंडेवर शिक्का मारला. लूक लिहितो की येशूबरोबर आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, असल्यामुळे त्या स्वस्थ राहिल्या. बस्स. त्या दिवशी देव काही बोलला, असं कोणीच लिहिलेलं नाही.

निराशेचा काळ ज्यांनी काढलाय, त्यांना हा दिवस ओळखीचा वाटेल. आघात होऊन गेलेला असतो. सांत्वनाला आलेली माणसं पांगलेली असतात. प्रार्थना तोंडातून निघते, पण कोणी ऐकतंय असं वाटत नाही. आणि उद्या रविवार आहे हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्या स्त्रियांनाही माहीत नव्हतं. सुगंधी द्रव्यं त्यांनी कशासाठी तयार केली? प्रेताला लावायला. पुनरुत्थानाची वाट पाहत कोणीही बसलेलं नव्हतं. ख्रिस्ती आशेची सुरुवात आशावादी माणसांपासून झालेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

[जुन्या हिब्रू गुंडाळीवरची अक्षरं, अगदी जवळून.]

बायबल उघडून दुःखाची पानं शोधायला गेलं तर फार शोधावं लागत नाही. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. कुठवर तू मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार... देवाशी असं बोलायचं नसतं असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे तर ते प्रार्थनेच्या पुस्तकातच लिहून ठेवलंय, आणि शतकानुशतकं लोक ते उपासनेत म्हणत आले आहेत.

बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. तक्रार करता करता भरवशाचा एखादा शब्द येतो. 88वं स्तोत्र मात्र वळत नाही. हिब्रूमध्ये त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. तिथेच ते संपतं. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना हे स्तोत्र गाळता आलं असतं, निदान शेवटी दोन बऱ्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. आणि याच स्तोत्राची पहिली ओळ पाहा: ‘हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा.’ उद्धार दिसत नाही, तरी हाक त्यालाच. अख्ख्या स्तोत्रात विश्वास म्हणून दाखवता येईल असं तेवढंच आहे, की बोलणं बंद पडलेलं नाही.

विलापगीत नावाचं पुस्तक तर आणखी विलक्षण. इसवी सनापूर्वी 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं. त्या राखेत बसून कुणीतरी हे पाच अध्याय रचले. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात 22 ओव्या, प्रत्येक ओवी पुढच्या अक्षरानं सुरू होणारी. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे 66. दुःखाला आदी-अंत दिसत नाही तेव्हा माणूस निदान अक्षरं मोजतो. पाचव्या अध्यायात ओव्या 22च आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला. तेवढंही बळ उरलं नव्हतं की काय, कोण जाणे.

या पुस्तकातली आशेची ओळ सगळ्यांना पाठ असते: परमेश्वराची दया सरलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते. ही ओळ पुस्तकाच्या शेवटी नाही. ती मधोमध आहे, तिसऱ्या अध्यायात. तिच्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं आणि पुस्तक एका अनुत्तरित शंकेवर थांबतं. यहुदी सभास्थानात हे पुस्तक मोठ्यानं वाचतात तेव्हा शेवटची ओळ झाल्यावर तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणतात, ‘आम्हांला तुझ्याकडे परत ने.’ शंका पुसायची नाही, पण वाचन तिच्यावर संपवायचंही नाही.

[उजाड माळ. एकच झुडूप. वारा.]

आता एलीया. हा संदेष्टा खचला तो मोठ्या विजयानंतर. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला त्यानं पाहिला होता. आणि मग ईजबेल राणीनं जिवाची धमकी दिली, तसा तो पळाला. बैरशेब्यापर्यंत आला, चाकराला तिथेच सोडलं, एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसला. म्हणाला, ‘आता पुरे.’ त्यानं देवाकडे मरण मागितलं आणि झोपी गेला.

पुढे काय होतं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. पुन्हा येतो, पुन्हा उठवतो, आणि एवढंच म्हणतो की ही वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खा. विश्वास कुठे गेला तुझा, असं विचारत नाही. कालच्या अग्नीची आठवण करून देत नाही.

झोप, अन्न, पाणी, स्पर्श. शिकवण नंतर, तीही 40 दिवसांनी, होरेब डोंगरावर. तिथे सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि या तिन्हींत परमेश्वर नसतो. मग एक मंद, शांत वाणी. एलीया, तू इथे काय करतोस? हा प्रश्न त्याला दोनदा विचारला जातो, आणि दोन्ही वेळा तो तीच तक्रार शब्दाला शब्द जुळवून सांगतो: मी एकटाच उरलोय. देवाची वाणी ऐकूनही मन जागचं हललेलं नाही! यावर देव वाद घालत नाही. पुढचं काम सांगतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि जाता जाता कळवतो की इस्राएलात आणखी 7000 जण आहेत ज्यांनी बआल या परक्या देवापुढे गुडघे टेकलेले नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खचलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सांगणारे लोक चर्चमध्ये भेटतात. हेतू चांगला असेल, पण ते ओझं वाढवतात. नैराश्य हा आजारही असू शकतो, त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं. गोळी घेणारा माणूस प्रार्थनेत कमी पडला असं नव्हे. देवदूतानं आधी भाकर दिली होती.

[एका जुन्या हस्तलिखितावर टाकाची रेघ.]

श्रद्धेनं निराशा जातेच का? नेहमी नाही. इंग्रज कवी विल्यम कूपरची गोष्ट म्हणून सांगतो.

1763 साली, एका नेमणुकीसाठी होणाऱ्या तोंडी परीक्षेच्या धास्तीनं त्याचं मन कोसळलं. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याला डॉ. कॉटन यांच्या उपचारगृहात ठेवलं गेलं. तिथे एक दिवस त्यानं बायबल उघडलं, रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. पुढे तो ओल्नी गावी राहायला आला. तिथला पाळक जॉन न्यूटन, एके काळी गुलामांची जहाजं चालवलेला माणूस. दोघांची गट्टी जमली. दोघांनी मिळून गीतं लिहिली. देवाच्या गूढ मार्गांवरचं कूपरचं गीत आजही जगभर गातात.

1773च्या आरंभी त्याला एक स्वप्न पडलं. त्यात त्यानं ऐकलं की तू संपलास, तुला तारण नाही. त्यानंतर तो चर्चमध्ये पुन्हा कधी गेला नाही. देवानं आपल्याला टाकलंय ही समजूत त्याच्या मनातून 1800 साली मरेपर्यंत गेली नाही. 1799 सालची त्याची शेवटची कविता समुद्रात बुडणाऱ्या खलाशाची आहे.

मग न्यूटननं काय केलं? वाद घालून पाहिला असेलच. पण त्याहून मोठं काम म्हणजे, 1773 साली कूपर अगदी ढासळला तेव्हा त्याला स्वतःच्या घरी वर्षभराहून अधिक काळ ठेवून घेतलं. पुढे कूपरनं तीन ससे पाळले. त्यांना खाऊ घालणं, त्यांची घरं बांधणं, यानं त्याला बराच आराम पडला, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. दोघांच्या गीतांचा संग्रह 1779 साली निघाला. 348 गीतं. म्हणजे ज्याला स्वतःला तारण नाही अशी खात्री होती, त्याच्या ओळी गाऊन दुसरे तरत राहिले. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून उमगलेलं नाही. सोपा अर्थ लावायला मी तयारही नाही.

मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली पुस्तकरूपानं बाहेर आली, तेव्हा पुष्कळ लोक चकित झाले. हसतमुख चेहऱ्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचा आध्यात्मिक काळोख होता. त्या काळोखात त्या रोज पहाटे उठत होत्या, प्रार्थनेला बसत होत्या आणि मरणाऱ्यांच्या अंथरुणाशी जात होत्या.

[जुना काळा टेलिफोन. तो वाजतो.]

1935 साली इंग्लंडमध्ये चॅड व्हारा या तरुण पाळकावर एका किशोरवयीन मुलीच्या दफनविधीची वेळ आली. तिला मासिक पाळी सुरू झाली होती, आणि आपल्याला लैंगिक आजार जडलाय असं समजून तिनं जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हतं. व्हारांच्या मनातून ती गेली नाही. 2 नोव्हेंबर 1953ला त्यांनी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रूक चर्चमधून एक टेलिफोन सुरू केला. जीव नकोसा झालेल्यांनी फोन करावा. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा तिथे कायद्यानं गुन्हा होता, 1961पर्यंत.

लोक फोन करू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले. व्हारांची भेट मिळेपर्यंत मदतीला आलेले स्वयंसेवक त्यांच्याजवळ बसत, चहा देत, ऐकत. आणि बऱ्याच जणांना मग व्हारांना भेटायची गरजच उरत नसे. काही महिन्यांतच त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं. समॅरिटन्स नावानं ते आजही चालू आहे, आणि फोनवर धर्मोपदेश करायचा नाही असा तिथला दंडक आहे. एका पाळकानं हे सुरू केलं, हे मला आवडतं.

बायबलमधल्या ईयोबानं सर्वस्व गमावलं, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्यांचं सगळ्यात चांगलं काम पहिल्या आठवड्यातच केलं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

[पुन्हा तेच चर्च. संपूर्ण अंधार. दाराबाहेर लहानशी आग.]

पवित्र शनिवारची रात्र. दिवे लावलेले नाहीत. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची एक मोठी मेणबत्ती लावतात, आणि ती एकटी ज्योत अंधाऱ्या चर्चमध्ये आत येते. तीन ठिकाणी थांबते. ‘ख्रिस्ताचा प्रकाश.’ तिच्यावरून एक मेणबत्ती लागते, तिच्यावरून शेजारची. अजून अंधार आहे, फक्त बाजूला उभ्या माणसाचा चेहरा दिसू लागलाय.

[पहाट. दगडी पायवाट. तीन स्त्रिया पाठमोऱ्या चालताना.]

मार्क एक बारीकशी गोष्ट नोंदवतो. शब्बाथ संपला, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी अगदी पहाटे त्या स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. कबरेवर धोंड होती. ती त्यांच्या तिघींच्या बळानं हलण्यासारखी नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. घरातून निघतानाही ठाऊक होतं. तरी त्या निघाल्या, आणि चालता चालता एकमेकींना विचारत होत्या, ‘कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील?’